धाकटीचं माप

दोघी बहिणींचं माप एकच, हे थोरलीनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आणि थोरलीनं एकदा ठरवलं की ते बदलायला साक्षात ब्रह्मदेव आला असता, तरी त्याला आधी दुकानातल्या बाकावर बसून आपल्या नंबराची वाट बघावी लागली असती.

शिवणकामाचं दुकान दोघींचं होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या. थोरली कापड बेतायची, कापायची, गिऱ्हाइकांशी बोलायची आणि वेळ उरला तर जगाला शहाणपण शिकवायची. धाकटी मशीनवर बसायची, हाताचं बारीक काम करायची आणि वेळ उरला नाही तरी थोरलीचं ऐकायची. लग्न दोघींनी केलं नव्हतं. थोरलीला कुणी पसंत पडलं नाही, आणि धाकटीला जो पसंत पडला होता तो थोरलीला पडला नाही.

कामात मात्र थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंदाजानं कापड कापणं म्हणजे तिच्या लेखी पाप. एखादं गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की ती टेप धरून शांतपणे थांबायची. "सोडा श्वास. घरी जाऊन सोडणारच आहात, मग इथंच सोडा." आणि कुणी म्हणालं, "मागच्या वेळचं माप आहे की तुमच्याकडे," तर विचारायची, "मागच्या वेळचं पोटही आणलंय का?"

या नियमाला जगात एकच अपवाद होता, तो म्हणजे धाकटी. तिचं माप थोरलीनं कधी घेतलंच नाही. आई दोघींचे फ्रॉक एकाच कापडातून, एकाच मापानं बेतायची आणि ट्रायल थोरलीवर घ्यायची, कारण धाकटी तेव्हा कुठंतरी पळालेली असायची. आई गेली, फ्रॉक गेले, दोघींचे केस पांढरे झाले, पण रीत तीच राहिली. धाकटीचा ड्रेस शिवायचा तर थोरली तो स्वतःच्या अंगावर चढवायची, आरशासमोर टाचण्या लावायची आणि म्हणायची, "झक्क बसलाय तुला."

धाकटी मान डोलवायची. मग ड्रेस वर न्यायची आणि दोन दिवस खुंटीला टांगून ठेवायची. ही तिची जुनी खोड होती. नवा कपडा ती कधी लगेच घालायची नाही. म्हणायची, "त्याला जरा घराची सवय होऊ दे."

"कपडा आहे की मांजर?" थोरली म्हणायची, आणि विषय तिथंच संपायचा.

काही वर्षांपूर्वी थोरलीला आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, नंतर काही महिने गोळ्या झाल्या. तळहात थोडे लाल झाले, भूक थोडी मंदावली, पण गोळी घेऊन ती रोज कात्री चालवत राहिली, आणि बरी झाली. हे खरंच होतं. पण खरी गोष्टसुद्धा सांगून सांगून अंग धरते. पहिल्या वर्षी ती सांगायची, "मला फार त्रास झाला नाही." दुसऱ्या वर्षी, "मला काहीच झालं नाही." पुढं पुढं तर ऐकणाऱ्याला वाटायचं, त्या गोळ्यांनाच हिचा त्रास झाला असावा.

आणि मग यंदा धाकटीला तेच निघालं. तेच आतडं, जवळजवळ तीच जागा. थोरली बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. बाहेर आली तेव्हा तिचं सगळं ठरलं होतं. "काही घाबरू नकोस," ती म्हणाली. "मी या वाटेनं जाऊन आलेय. खड्डे कुठं आहेत ते मला ठाऊक आहे."

ऑपरेशन नीट पार पडलं. आता गोळ्या सुरू करायच्या होत्या. डॉक्टरीण नवी होती, केसांची शेपटी बांधलेली, थोरलीच्या मते अजून शाळेत शोभणारी. तिनं दोघींना समोर बसवून सांगितलं, "या गोळ्या आपलं काम करतात आणि मग शरीर त्या मोडून टाकतं. पण काही माणसांत ही मोडायची ताकद जन्मतःच कमी असते. मग औषध अंगात साठत जातं आणि जिवावर बेतू शकतं. हे आईवडिलांकडून आलेलं असतं. रक्त तपासलं की आधीच कळतं. पूर्वी आम्ही ही तपासणी करत नव्हतो, आता केल्याशिवाय गोळी देत नाही. परवा सकाळी येऊन रक्त देऊन जा."

धाकटीनं आपल्या हातांकडे पाहिलं. ऑपरेशनच्या दिवसांत सुया टोचून टोचून कोपरापासून मनगटापर्यंत निळे-हिरवे डाग पडले होते. "चाळणी झालीय नुसती," ती पुटपुटली. पण येते म्हणाली.

परवाची सकाळ उजाडली तेव्हा धाकटी गाढ झोपली होती. ऑपरेशनपासून तिला अशी झोप लागलीच नव्हती. थोरली उशाशी उभी राहिली. तो निळा-हिरवा हात चादरीबाहेर आला होता. उठवावं की नाही, याचा तिनं विचार केला, आणि थोरलीनं विचार केला की त्यातून काहीतरी निघायचंच.

डॉक्टरीण काय म्हणाली होती? आईवडिलांकडून आलेलं. मग आईवडील काय दोघींचे वेगळे होते? तीच आई, तेच वडील, तेच घर. साखर तपासायची असती, ताप बघायचा असता, तर गोष्ट निराळी. ती ज्याची त्याची. पण आईबापांचं जे आहे ते कुठल्याही लेकीच्या रक्तात सापडणारच. त्यासाठी या बिचारीला आणखी एक सुई कशाला?

आयुष्यभर धाकटीच्या ट्रायलला जशी ती उभी राहिली होती, तशीच त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर जाऊन बसली. धाकटीचं नाव पुकारल्यावर उठली. जन्मतारीख विचारली, ती पाठ होती. "ऑपरेशनची जखम भरली का?" असं रक्त घेणाऱ्या सिस्टरनं विचारलं, त्यावर "अगदी छान भरली," म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. तिची जखम भरून वर्षं झाली होती.

घरी आल्यावर धाकटी धडपडत उठत होती. "ताई, अगं, रक्त द्यायचं होतं ना आज?"

"झालं ते. बघितलं मी. तू चहा घे."

धाकटीनं चहा घेतला. ताईनं बघितलं म्हटल्यावर पुढं विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

रिपोर्ट साफ आला. गोळ्या पूर्ण मापानं सुरू झाल्या. सिस्टरनं बजावलं होतं की तोंड आलं, जुलाब झाले, ताप आला, काहीही झालं तरी लगेच फोन करा. थोरलीनं मान हलवली. मनात म्हणाली, मी घरात असताना फोन कशाला?

पहिले काही दिवस बरे गेले. मग धाकटीचं तोंड आलं. "चूळ भर मीठ-पाण्यानं," थोरली म्हणाली. "मलाही आलं होतं." तिला आलं नव्हतं, पण धीर द्यायला काय जातंय. मग जुलाब सुरू झाले. "होतात थोडे. मी तर तशीच कात्री चालवायचे." धाकटी पलंगावर पडून राहू लागली, खाली दुकानात येईना. थोरली जिना चढून यायची, कमरेवर हात ठेवायची. "छोटे, नाजूकपणा पुरे. तेच माप, त्याच गोळ्या, मग तुलाच एवढं काय होतंय?"

तोंडातल्या फोडांनी धाकटीची जीभ हलत नव्हती. तिनं नुसतं बघितलं. आणि संध्याकाळी थोरलीनं तिच्या कपाळाला हात लावला तर तो भाजला. तेव्हा मात्र ती फोन करत बसली नाही. सरळ टॅक्सी बोलावली आणि धाकटीला जवळजवळ उचलूनच आत घातलं. बहीण एवढी हलकी झालीय हे तिला तेव्हा हाताला कळलं.

हॉस्पिटलमध्ये धावपळ उडाली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या, संसर्ग झाला होता. सलाइन लागलं, औषधं सुरू झाली, धाकटीला काचेच्या दाराच्या खोलीत ठेवलं. थोरली बाहेरच्या खुर्चीत बसली. तिला काय करावं ते सुचेना. असा प्रसंग तिच्यावर पूर्वी आला नव्हता. हात रिकामे होते, म्हणून तिनं पर्समधला टेप काढला आणि नुसता गुंडाळत, उलगडत बसली.

डॉक्टरीण दोन दिवसांनी तिच्या शेजारी येऊन बसली. "ताप उतरतोय. धोका टळलाय असं मी आज म्हणणार नाही, पण चित्र बरं आहे. मला कोडं पडलंय ते वेगळंच. रिपोर्ट इतका साफ, आणि तरी एवढा त्रास. असं होतं कधीकधी, तपासणीत सगळंच सापडतं असं नाही. त्या बऱ्या झाल्या की डोस थोडा उतरवून परत सुरू करू."

थोरलीच्या हातातला टेप थांबला.

"मॅडम," ती म्हणाली, "एक विचारू? सख्ख्या बहिणींचं हे सारखंच असणार ना? आईबाप तेच म्हटल्यावर?"

"नाही, तसं नसतं. ही ताकद ठरवणाऱ्या जनुकाच्या आईकडे दोन प्रती, वडिलांकडे दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकेकच मिळते. कुठली ते कुणाच्या हातात नाही. एका बहिणीला चांगली मिळेल, दुसरीला खोट असलेली." थोरलीचा चेहरा बघून तिनं सोपं केलं. "तुमचं नाक आणि त्यांचं नाक एक आहे का?"

"तिचं वडिलांवर गेलंय," थोरली म्हणाली. "माझं बरं आहे."

डॉक्टरीण हसली. थोरली हसली नाही. तिच्या मनात पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. डोस उतरवणारच आहेत, ही डॉक्टरीण पोरगी हुशार आहे, आपण घरी नीट लक्ष ठेवू, कशाला आपल्या तोंडानं आपली शोभा करायची? जगाला माप शिकवणारी बाई, अख्ख्या गल्लीत हसं होईल. हा विचार तिनं पुरता केला. मग तिला आठवलं की टॅक्सीत धाकटीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि ते डोकं जाणवलंच नव्हतं, इतकं हलकं होतं.

"थोडा नका उतरवू," ती म्हणाली. "तो रिपोर्ट तिचा नाही. माझा आहे. ती झोपली होती, म्हणून मी रक्त दिलं."

शाळकरी दिसणारी ती पोरगी एकाएकी हेडमास्तरीण दिसायला लागली.

"तुम्हाला कळतंय, काय झालं असतं?"

"कळतंय," थोरली म्हणाली. "मी तिला नाजूक म्हणाले हो. ती मरायला टेकली होती आणि मी तिला नाजूक म्हणाले."

"रक्त मी आज घेते. त्यांचंच," डॉक्टरीण उठत म्हणाली. "आणि कशासाठी घेतोय ते त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही."

थोरली तोंडाला मास्क बांधून आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिला सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून ती नाकापासून सुरू झाली. वडिलांचं नाक, आईचं नाक, दोन दोन प्रती, झोपलेली धाकटी, निळा-हिरवा हात, पुकारलेलं नाव. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "चूक माझी आहे, छोटे. पूर्ण माझी."

धाकटीनं ऐकलं. मग हळूच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढचे काही दिवस ती थोरलीशी बोलली नाही. तोंड आलंय म्हणून असेल, अशी थोरलीनं स्वतःची समजूत घातली, पण सिस्टरनं त्या समजुतीचाही निकाल लावला. "तुमच्या बहिणीचं बोलणं किती गोड आहे हो," ती म्हणाली. "सकाळपासून मला हसवतायत." थोरली "हो का," म्हणाली आणि थर्मास भरायला निघून गेली.

खरा रिपोर्ट आला. धाकटीला एका बाजूनं खोट असलेली प्रत मिळाली होती. आईकडून की वडिलांकडून, ते आता दोघांना विचारायची सोय नव्हती. तिचं शरीर औषध मोडत होतं, पण निम्म्यानं. "म्हणजे यांचं माप वेगळं," डॉक्टरीण म्हणाली. "पुन्हा सुरू करू तेव्हा निम्म्या डोसनं. रोज कसं वाटतंय ते मला हवं. आणि ते यांच्या तोंडून हवं." हे शेवटचं तिनं थोरलीकडे बघून सांगितलं.

धाकटी घरी आली. तिचे सगळे कपडे आता तिच्या अंगावर नुसते लटकत होते. तब्येत जरा सुधारली तशी थोरलीनं तिचा निळा ड्रेस काढला, आत घ्यायला. बोलणं अजून बंदच होतं, पण हाताला काम असलं की थोरलीला श्वास घेता यायचा. तिनं नेहमीसारखा ड्रेस स्वतःच्या अंगावर चढवला, आरशासमोर उभी राहिली आणि दातांत टाचण्या धरून कमरेला चिमटा घेतला. आता धाकटी किती बारीक झाली असेल, याचा अंदाज करत होती.

"काढ ते," मागून आवाज आला.

थोरली वळली. धाकटी जिन्याचा कठडा धरून खाली आली होती. ती सावकाश चालत आली, गिऱ्हाइकांच्या मापाच्या स्टुलावर हात टेकला आणि वर चढून उभी राहिली. त्या स्टुलावर सबंध गाव चढून गेलं होतं, ती पहिल्यांदाच चढली होती.

"घे माप," ती म्हणाली.

थोरलीनं दातांतल्या टाचण्या काढल्या, अंगातला ड्रेस उतरवला. टेप घेतला. कंबर घेतली, छाती घेतली, आकडे तोंडातल्या तोंडात म्हटले. मग खांद्याला टेप लावला, आणि परत लावला. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता. थोडाथोडका नाही, चांगला बोटभर. असा खांदा असलेलं गिऱ्हाईक दारातून आत येताना थोरलीनं नुसत्या नजरेनं ओळखलं असतं.

"हे आजारपणानं झालंय?"

"जन्मापासून आहे."

थोरलीनं निळा ड्रेस उलटा केला आणि खिडकीपाशी नेला. डाव्या खांद्याची मशीनची टीप उसवलेली होती. तिथं हाताचे बारीक, एकसारखे टाके होते, आतून आतून घातलेले, बाहेरून दिसू नयेत असे. ते टाके कुणाचे हे तिला विचारायची गरज नव्हती. ती वर गेली आणि कपाटातले धाकटीचे कपडे एकेक करून उलटे करू लागली. तपकिरी ड्रेस, राखाडी कोट, करडा झगा. सगळ्यांच्या डाव्या खांद्याला तेच टाके होते. दोन दिवस कपडा खुंटीला का टांगलेला असायचा ते तिला आत्ता कळलं. कपड्याला घराची नाही, धाकटीच्या खांद्याची सवय करावी लागत होती.

ती कोट हातात घेऊन खाली आली. धाकटी अजून स्टुलावरच होती.

"कधीपासून?"

"शाळेच्या फ्रॉकपासून. तू बाहेर गेलीस की सुई घेऊन बसायचे."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नेहमीच्या शांत नजरेनं, आणि तेच थोरलीला सोसवेना. "तू म्हणायचीस, झक्क बसलाय. तू कधी विचारलं नाहीस, ताई. कपड्याचं मी उसवून नीट करून घेतलं. गोळीचं कसं उसवणार?"

थोरली मटकन बाकावर बसली, गिऱ्हाइकांच्या. कोट मांडीवर घेऊन ती रडली, या वेळी नळ न सोडता. धाकटी स्टुलावरून उतरली, तिच्या शेजारी बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "कोटावर नको रडू. कॉलर आक्रसते." मग तिनं थोरलीचा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

निम्म्या मापाच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या सकाळी गोळी देऊन थोरली पलंगाशी बसली.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"बरं नाही वाटत," धाकटी म्हणाली.

"मला तर..." एवढं थोरलीच्या तोंडातून निघून गेलं. बाकीचं वाक्य तिनं गिळलं. गिळताना तिचा चेहरा असा झाला की गोळी हिनंच घेतली असावी. "काय होतंय? तोंड? पोट? नीट सांग मला."

"नुसतं पडून पडून कंटाळा आलाय," धाकटी म्हणाली. "फोन ठेव खाली."

पण तोवर पलीकडे डॉक्टरिणीनं फोन उचलला होता. थोरलीनं तो काही न बोलता धाकटीच्या हातात दिला.